पाव किलोचा भाव

मी एम.ए. अर्थशास्त्रासाठी चंद्रपुरात आलो तो २०१६ चा जून. आदल्या दिवाळीच्या आगेमागे तूरडाळ किलोला दोनशेपर्यंत चढली होती आणि अजून पुरती उतरली नव्हती. पठाणपुरा गेटच्या आत, जुन्या परकोटाजवळ खोली घेतली होती. राहणारे आम्ही तिघं. मी धानोरा तालुक्यातला, दुसरा एटापल्लीकडचा माडिया, तिसरा थेट सिरोंच्याचा, घरी तेलुगू बोलणारा. महागलेल्या डाळीवर तिघांचे तीन तोडगे होते. मी घरून लाखोळीची डाळ आणली होती. एटापल्लीवाल्याच्या पिशवीत वाळवलेले वास्ते (बांबूचे कोंब) आणि सुक्या मासोळ्या होत्या. सिरोंच्याचा म्हणाला, चिंच आहे ना, मग डाळ पाहिजेच कशाला? चिंचेचं पातळ सार, त्यावर लसूण आणि लाल मिरचीची फोडणी, खाली भात. पहिला महिना आम्ही असाच काढला. मासोळीच्या वासाबद्दल घरमालकीणबाई कुरकुरत, पण सार मागून नेत.

लाखोळी म्हणजे गरिबाची डाळ. धान कापायच्या आधी बांधीत ओल असतानाच बी फेकून देतात, नांगर नाही, खत नाही. बराच काळ तिच्या विक्रीवर बंदी होती, कारण रोज आणि नुसती तीच खाल्ली तर पायांतलं बळ जातं. आमची आई डाळ उकळून पहिलं पाणी फेकून द्यायची. बंदी असो नसो, घरच्या चुंगडीत ती होतीच, आणि तिला पैसे पडत नव्हते. शहरात आल्यावर मला पहिली गोष्ट ही कळली, की ज्याला पैसे पडत नाहीत ते संपायच्या आत पैशाची सोय करावी लागते.

म्हणून मी संध्याकाळचं काम शोधलं. गोल बाजाराच्या बाजूला एक जुनं किराणा दुकान होतं. चंद्रपुरातल्या बऱ्याच जुन्या दुकानांच्या पाटीवरचं आडनाव ‘वार’वर संपतं, याचंही तसंच. मालकांना सगळे काका म्हणत, मीही म्हणू लागलो. कॉलेज सुटलं की दुकानात, रात्री शटर पडेपर्यंत. पगार बेताचा. पण एक सवलत होती, आणि तिच्यासाठीच मी ते काम धरून ठेवलं: माझ्या खोलीचा किराणा मला खरेदीच्या भावात मिळे.

गल्ल्याच्या आतून जग वेगळं दिसतं. बाहेर उभं असताना वाटायचं, आपण पाव किलो घेतो म्हणजे जपून घेतो. आत आल्यावर हिशेब कळला. किलोला ७८ रुपये भावाची मसूर पाव किलो घेतली तर साडेएकोणीस होतात, आणि गिऱ्हाइकाला सांगतात वीस. पन्नास पैसे कोणी मागत नाही आणि कोणी देतही नाही. आठवड्याला दोनदा पाव किलो घेणारा पोरगा आयुष्यभर ८० च्या भावानं डाळ खातो, आणि महिन्याचा किराणा एकदम भरणारा मास्तर ७८ च्या भावानं, वर तीन-चार रुपये सोडून. तेलाचंही तसंच. लिटरची पिशवी घ्यायला एकदम पैसे लागतात. ते नसले की दहा रुपयांचं सुटं तेल, बाटली स्वतःची आणायची. चहापत्तीच्या पाच रुपयांच्या पुड्या जोडत गेलं तर मोठा डबा त्याहून स्वस्त पडतो. उलटा चालणारा माल माझ्या पाहण्यात एकच होता, शाम्पू. त्याची रुपयाची पुडी बाटलीपेक्षा स्वस्त पडायची. कंपन्यांना गरिबाचं डोकं जितकं महत्त्वाचं वाटतं तितकं पोट वाटत नसावं.

वर्गात तेव्हा आम्हाला एंजलचा नियम होता. सॅक्सनीच्या या संख्याशास्त्रज्ञानं १८५७ मध्ये बेल्जियमच्या कामगार कुटुंबांचे खर्च तपासून दाखवलं, की उत्पन्न जितकं कमी तितका त्यातला जेवणाचा वाटा मोठा. परीक्षेत आलेखासकट लिहायचा प्रश्न. मला तो नियम पटायला आलेख लागला नाही, आमच्या खोलीच्या भिंतीवर पेन्सिलीनं लिहिलेला महिन्याचा हिशेब पुरे होता. पण दुकानात मी पाहत होतो ते त्या नियमात नव्हतं. गरिबाच्या जेवणाचा वाटा मोठा असतो तो केवळ उत्पन्न लहान म्हणून नाही, तेच जेवण त्याला महाग पडतं म्हणूनही. पुढे ग्रंथालयात कळलं, की न्यू यॉर्कच्या गरीब वस्त्यांतल्या खरेदीवर डेव्हिड कॅप्लोविट्झ नावाच्या समाजशास्त्रज्ञानं १९६३ मध्येच ‘द पुअर पे मोअर’ असं पुस्तक लिहून ठेवलंय. तिथे फर्निचर आणि टीव्ही हप्त्यानं घेणारे लोक होते, इथे पाव किलो मसूर घेणारे. म्हणणं तेच.

एकदम भरायला पैसा एकदम हवा. आमच्याकडे पैसा येई तो त्याच्या मर्जीनं. शहरातल्या नोकरदाराचा महिना एक तारखेला सुरू होतो. आमचा महिना कोणाचा धान विकल्यावर, कोणाचा मोहफूल विकल्यावर, कोणाचा तेंदूपत्त्याची मजुरी मिळाल्यावर सुरू व्हायचा. नोव्हेंबर-डिसेंबरात धान निघतं. मार्च-एप्रिलात मोह पडतो. मे महिन्यात तेंदू. याच्यामधले महिने कोरडे, आणि कॉलेजची फी, परीक्षेचा फॉर्म, खोलीचा किराया हे सगळं नेमकं कोरड्या महिन्यांत.

त्याच वर्षी आदिवासी विकास विभागाची पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना सुरू झाली. वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्याला जेवण, राहणं आणि किरकोळ खर्चासाठी थेट खात्यात रक्कम. मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांत वर्षाला ६०,००० आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,०००. त्यात २५,००० जेवणाचे, १२,००० राहण्याचे, ६,००० निर्वाहाचे. एटापल्लीवाल्यानं अर्ज केला तेव्हा आम्ही तिघांनी मिळून तो आकडा दहा महिन्यांवर भागला. जेवणाला महिन्याला अडीच हजार. आमच्या भिंतीवरच्या हिशेबात एका माणसाचं जेवण त्याच्या निम्म्यात बसत होतं, त्यामुळे ती रक्कम आम्हाला राजेशाही वाटली. फक्त ती खात्यात कधी दिसेल हे कोणालाच सांगता येईना. मी ओबीसी, मला तशी योजना नव्हती. ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना निघायला २०२३ साल उजाडलं, तोवर माझं शिक्षण संपून गेलं होतं.

आणि राशन गावात. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं माणशी पाच किलो धान्य, तांदूळ तीन रुपयांनी. माझं नाव घरच्या कार्डावर, कार्ड गावातल्या दुकानाला जोडलेलं. चंद्रपुरात राहून मी जे पाच किलो खायचे ते धानोऱ्याच्या पुढे आमच्या गावी माझी वाट पाहत असत. कुठल्याही दुकानातून राशन उचलायची सोय पुढे आली, आमच्या वेळी तांदळालाच प्रवास करावा लागे.

हा प्रवास सोपा नव्हता. गावातून धानोरा, धानोऱ्याहून गडचिरोली, तिथून वैनगंगेच्या पुलावरून व्याहाड, सावली, मूल आणि मग जंगलातून चंद्रपूर. एकट्या गडचिरोली ते चंद्रपूर टप्प्याला ऐंशीएक किलोमीटर. चुंगडी सीटखाली सरकवायची, पाय वर घेऊन बसायचं. तिकीट येऊन-जाऊन अडीचशेच्या पुढे जाई. वीस किलो घरचा तांदूळ आणला तर बाजारभावानं सहाशेचा माल, त्यातले अडीचशे एसटीला गेले, हाती राहिले साडेतीनशे. केवळ तांदळासाठी गेलो तर दिवस बुडाला तो वेगळा, आणि दुकानातली संध्याकाळही. म्हणून आमच्या घरी जाण्याला नेहमी तीन-चार कारणं एकत्र बांधलेली असत. तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला, सेतूतून नॉन क्रिमिलेअर, कोणाचं लग्न, परतताना तांदूळ, लाखोळी आणि मिरची. मिरची विकत घेतलेली आठवत नाही. आमच्या भागातून बाया-माणसं दरवर्षी तेलंगणात मिरची तोडायला जातात आणि मजुरीचा काही भाग मिरचीतच घेऊन येतात. आई जायची. तिनं उन्हात तोडलेली मिरची मी चंद्रपुरात सारात घालून खायचो, आणि वर्गात वस्तुविनिमय पद्धतीचे दोष लिहायचो.

कागदांच्या खर्चाबद्दल कोणी बोलत नाही. विद्यार्थ्यानं काटकसर कशी करावी हे सांगणारे चहा, सिनेमा, मोबाईल यांच्यावर बोट ठेवतात. माझ्या पाहण्यात गडचिरोलीकडच्या पोराचा सगळ्यात मोठा आणि न चुकवता येणारा वरखर्च दाखल्यांचा होता. दाखल्याची फी किरकोळ असते. पण त्यासाठी तालुक्याला जायचं तिकीट, साहेब नसले तर पुन्हा जायचं तिकीट, पासपोर्ट फोटो, झेरॉक्सचे दोन-दोन संच, ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या कॅफेवाल्याचे पैसे, आणि चूक निघाली की हेच सगळं नव्यानं. चहा सोडता येतो. जात वैधता प्रमाणपत्र सोडता येत नाही.

सिनेमा-चहावर पैसे उडवणारे पोरं नव्हतेच असं नाही. होते. दारूवर उडवायची सोय मात्र सरकारनं काढून घेतली होती. गडचिरोली १९९३ पासून दारूबंदीचा जिल्हा, आणि चंद्रपुरातही एप्रिल २०१५ पासून बंदी लागली होती, ती २०२१ पर्यंत टिकली. निदान कागदावर टिकली.

२०१६ च्या नोव्हेंबरात, आठ तारखेच्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या. धानाचा हंगाम नुकता हाताशी येत होता. गावाकडे बँक लांब, एटीएम त्याहून लांब. घरून निरोप आला, की व्यापारी जुन्या नोटा देतो म्हणतो, नाहीतर पुढच्या महिन्यात ये म्हणतो. शहरातल्या एटीएमपुढच्या रांगेत एका वेळी दोन हजार मिळत, आणि मिळे ती गुलाबी नोट. साठ रुपयांच्या किराण्यासाठी दोन हजारांची नोट पुढे केली की काका हात जोडत. त्या दिवसांत दुकान चाललं ते उधारीच्या वहीवर.

त्या वहीबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण अर्थशास्त्रातलं पतपुरवठ्याचं प्रकरण मी तिच्यातच शिकलो. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची वही. विद्यार्थ्यांची पानं मागच्या बाजूला, वेगळी. नवा पोरगा उधार मागायला आला की काका त्याला बापाचं नाव विचारत नसत, कॉलेजही नाही. विचारत, “तुमच्या गावची गाडी कोणती लागते, बाबू?” ज्याच्या गावाला थेट गाडी आहे त्याच्या घरून माणूस येऊ शकतो, तांदूळ येऊ शकतो, पैसा येऊ शकतो. तो पोरगा बुडणार नाही. ज्याला दोन गाड्या बदलून पुढे पायी जावं लागतं त्याच्यासाठी काका आणखी एक प्रश्न विचारत: “इथं कोण वळखते तुले?” ओळखणारं माणूस निघालं की पान उघडलं जाई, आणि त्या माणसाचं नाव पानाच्या कोपऱ्यात, लहान अक्षरात.

उधारी सगळ्यावर नव्हती. तांदूळ, डाळ, तेल, मीठ, चहा, साखर, साबण. बिस्किट रोखीनं, थंड पेय रोखीनं. वही-पेन मात्र उधारीत चाले, हा काकांचा स्वतःचा नियम. व्याज नव्हतं. पण उधारीची किंमत होती, ती दिसायची नाही एवढंच. उधारीवाला भाव विचारत नाही. दोन प्रकारच्या तांदळांत कोणता घेऊ म्हणून चिमूट हातावर घेऊन बघत नाही. शेजारच्या दुकानात दोन रुपये कमी आहेत हे माहीत असूनही तिकडे जाऊ शकत नाही, कारण तिकडे त्याचं पान नाही. रोखीचं गिऱ्हाइक गंज वॉर्डापर्यंत फिरून भाव करून येई आणि आमच्याकडून केवळ जे स्वस्त ते उचले. उधारीचं गिऱ्हाइक सगळं आमच्याकडूनच घेई. वर्गात याला काय म्हणतात ते मला ठाऊक होतं, पण काकांना सांगायची हिंमत झाली नाही. शिवाय ते लुटत होते असंही म्हणता येणार नाही. नोटबंदीच्या त्या महिन्यांत त्यांनी एकाही पोराचं पान बंद केलं नाही, आणि स्वतःच्या ठोक व्यापाऱ्याकडे मुदत मागत राहिले.

पैसे बुडायचे का? फारसे नाही. वर्षाअखेरीस काही पानं उघडी राहत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, “पोरगा बुडवत नाही रे. पेपर संपते, पोरगा गावाले जाते, अन् मंग येतच नाही. आला का देते.” खरंच देत. पोलीस भरतीत लागलेला एकजण पहिल्या पगारात येऊन दोन वर्षांपूर्वीचं पान मिटवून गेला, तेव्हा काकांनी त्याला रोखीवाल्याचा मान देऊन चहा पाजला.

मोबाईलचं एवढंच सांगतो, की २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि पुढच्या मार्चअखेरपर्यंत ते फुकट होतं. त्याआधी आठवड्याच्या नेट-पॅकवर जाणारा पैसा आमच्या खोलीत अचानक मोकळा झाला. त्यातून आम्ही पाच किलोचा लहान सिलिंडर घेतला. नोट्सही फोटो काढून फिरू लागल्या, झेरॉक्सवाल्याचं नुकसान झालं असेल. पण जिओ चालेल असा फोन आमच्यात एकच होता, त्यामुळे तो फोन तिघांचा आणि त्याचा चार्जरही.

चंद्रपूरचा उन्हाळा हा वेगळा खर्च. पारा सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसला जातो तेव्हा पत्र्याच्या खोलीत पुस्तक उघडता येत नाही. घरमालक कूलरच्या विजेचे वेगळे पैसे घेतात. ते ठीक आहे, मीटर पळतोच. पण कूलर घ्यायचा कधी हे ज्याला कळलं तो जिंकला. एप्रिलात जुना, खरचटलेला कूलरही दुप्पट भावानं जातो. पावसाळा सुरू झाला, की शिक्षण संपवून गावी निघालेले पोरं तोच कूलर मिळेल त्या किमतीला टाकून जातात, कारण एसटीत कूलर नेता येत नाही. आम्ही जुलैत घेतला. पुढचे आठ महिने त्यावर भांडी ठेवली. तसंच जुन्या पुस्तकांचं, तसंच लोखंडी पलंगाचं. ज्या महिन्यात कोणाला एखादी गोष्ट नको असते त्या महिन्यात ती घ्यावी, एवढं साधं आहे. पण त्या महिन्यात हाती पैसे असायला हवेत, आणि जुलै हा आमच्याकडे सगळ्यात कोरडा महिना. रोवणीची मजुरी, बियाणं, खत यात घरचा पैसा चिखलात गेलेला. त्या जुलैत कूलर घेता आला तो तेंदूमुळे.

आमच्या भागात तेंदूचा हंगाम मे महिन्यात, जेमतेम दोन आठवड्यांचा. पहाटे जंगलात जायचं, पानं तोडून आणायची, घरी सावलीत बसून सत्तर-सत्तर पानांचं पुडकं बांधायचं आणि संध्याकाळी फळीवर (संकलन केंद्रावर) नेऊन मोजून द्यायचं. पेसा कायद्यानंतर बऱ्याच गावांत ग्रामसभाच ठेकेदाराशी दर ठरवतात. लेखा-मेंढा हे गाव आमच्याच तालुक्यातलं. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळालेलं आणि २०११ मध्ये स्वतःचा बांबू स्वतःच्या परवान्यानं विकू लागलेलं, त्यामुळे ग्रामसभेनं धंदा करणं आमच्याकडे कोणाला नवलाचं वाटत नाही. मजुरी हंगामाच्या आसपास मिळते, रॉयल्टीचे पैसे मागून येतात. अडचण एकच होती, विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षा. गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये नागपूर विद्यापीठातून वेगळं झालं ते चंद्रपूर आणि गडचिरोली याच दोन जिल्ह्यांसाठी. वेळापत्रक करणाऱ्यांना तेंदूची तारीख ठाऊक नसेल असं मला वाटत नाही, पण पाऊस-वारा बघून पिकणाऱ्या पानाची तारीख वेळापत्रकात बसवणार कोण? पहिल्या वर्षी शेवटचा पेपर संपला त्या संध्याकाळी मी गाडीत बसलो आणि अर्धा हंगाम साधला. एटापल्लीवाल्याचा एक पेपर राहिला होता, त्याच्या घरी त्या वर्षी एक हात कमी पडला.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला. दुकानात आठवडाभर गोंधळ. सुट्या धान्यावर कर नाही, ब्रँडच्या पिशवीतल्या धान्यावर पाच टक्के. काकांनी छापील पिशव्या मागवणं कमी केलं आणि सुटा तांदूळ वाढवला. पोरांच्या दृष्टीनं एवढाच फरक, की वह्या महागल्या. त्याच वर्षी तूरडाळ मात्र कोसळली. आधी महाग झाली म्हणून सगळ्यांनी पेरली होती. ज्या डाळीसाठी मी चिंचेचं सार पीत होतो ती आता स्वस्तात मिळत होती, आणि गावात तूर लावलेले लोक कपाळाला हात लावून बसले होते. मी दोन्ही बाजूंचा होतो. भाव उतरला म्हणून आनंद करायची मला सोय नव्हती.

तांदळाच्या बाबतीत तर जास्तच. दुकानात सगळ्यात जास्त नाव एचएमटीचं. बारीक, शिजल्यावर मऊ. एचएमटी द्या म्हणून घड्याळाच्या नावानं तांदूळ मागणाऱ्या गिऱ्हाइकांना ठाऊक नसे, की हे वाण नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी शोधलं. दीड एकराचा, शाळा फारशी न शिकलेला शेतकरी. १९८३ मध्ये आपल्या बांधीत त्यांना वेगळ्या लोंब्या दिसल्या, त्या त्यांनी निवडून वर्षानुवर्षं वाढवल्या. पुढे व्यापाऱ्यांनी तेव्हाच्या चलतीच्या घड्याळाचं नाव त्याला दिलं. ३ जून २०१८ ला दादाजी गेले. बातमी आली त्या संध्याकाळी मी दुकानातच होतो, एचएमटीचं पोतं उघडून त्यात भावाची पाटी खोचत. काका म्हणाले, याच्या जिवावर आम्ही किती वर्षं जगलो. शोधणाऱ्याला आयुष्याच्या शेवटापर्यंत गरिबीनं सोडलं नाही. माझ्या घरीही एचएमटी पिकायचा, पण तो विकायला. खायला जाडा. विद्यार्थी म्हणून दोन वर्षांत मी एचएमटी किती पायल्या मोजून दिला याचा हिशेब नाही, आमच्या खोलीत तो सणालाच शिजला.

माझं एम.ए. तोवर संपलं होतं, पण सेट परीक्षेच्या तयारीसाठी मी चंद्रपुरातच थांबलो आणि दुकानही सुटलं नाही. त्यामुळे एक बदल जवळून बघता आला. २०१८ मध्ये शासनानं मोठ्या शहरांतल्या आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या आदिवासी वसतिगृहांतली खानावळ बंद करून जेवणाचे पैसे विद्यार्थ्यांच्या खात्यात द्यायचं ठरवलं. मोठ्या शहरांत महिन्याला ३,५००, जिल्ह्याच्या ठिकाणी ३,०००. याविरुद्ध जुलैत पोरं पुण्याहून नाशिककडे पायी निघाली होती. दूर बसून काहींना नवल वाटलं, हाती रोख पैसा मिळतो तर भांडता कशाला? मला नवल वाटलं नाही. खानावळीत शंभर पोरांचा तांदूळ पोत्यानं येतो. तीच शंभर पोरं वेगवेगळी बाजारात उतरली की पाव किलोच्या भावात येतात. शिवाय पैसे खात्यात पडायला उशीर झाला, तर खानावळीला दुकानदार थांबतो, पोराला पोट थांबत नाही.

त्या दिवसांत आमच्या काउंटरवर वसतिगृहातली पोरं दिसू लागली. त्यांना खरेदीची सवय नव्हती. एकजण दोघांसाठी महिन्याचं हळद-तिखट म्हणून अर्धा-अर्धा किलो मागायला लागला. मी त्याला पाव पाव घ्यायला लावलं, पावसाळ्यात तिखटाला बुरशी लागते. मग हळूहळू त्यांनी स्वतःच गट केले. आठ-दहा जणांनी मिळून पन्नास किलोचं तांदळाचं पोतं, तेलाचा पंधरा किलोचा डबा. ज्याच्या खात्यात आधी पैसे पडले त्यानं भरायचं, बाकीच्यांनी नंतर फेडायचं. वही त्यांची त्यांनीच ठेवली. काकांच्या वहीतली काही पानं त्यामुळे बंद झाली. काका याबद्दल नाराज होते की खूश, त्यांच्या तोंडावरून कळत नसे, पण पोत्याच्या भावात त्यांनी त्या गटाला मास्तरांइतकीच सूट दिली, एवढं मी पाहिलं.

आता मी गडचिरोलीत एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो. माझा पैसाही अजून एक तारखेला येत नाही, हे सांगितलं की वर्गात हशा पिकतो. रविवारच्या आठवडी बाजारात माझे विद्यार्थी भेटतात, दहा रुपयांचा सांबारही (कोथिंबीर) फोनवरून पैसे पाठवून घेतात. चिल्लर नाही म्हणून हातावर चॉकलेट ठेवायची दुकानदारांची चाल त्यामुळे मोडली, हे मला मनापासून आवडलं. साडेएकोणीसचे आता साडेएकोणीसच देता येतात. उलट, खात्यात किती उरले हे दिवसातून चारदा दिसतं आणि त्याचा उपयोग काय हे मला कळत नाही.

मागच्या डिसेंबरात कुरखेड्याकडची एक विद्यार्थिनी तास संपल्यावर थांबली. मैत्रिणींसोबत खोली करून राहते. विचारलं, “सर, तांदूळ आत्ता भरू का उन्हाळ्यात?” मी सांगितलं, आत्ताच. नवा निघाला की भाव उतरलेला असतो. नवा तांदूळ चिकट होतो आणि शिजून कमी फुगतो, म्हणून आधी दोन महिने जुना संपव आणि हा ठेवून दे, कडुनिंबाचा पाला टाकून. पण पोत्यासाठी पैसे लागतील, आणि गावाहून आणायचा तर तिकिटाचा हिशेब कर, मी काय काय मोजायचो ते तिला सांगू लागलो.

“तिकीट आता अर्धं आहे ना सर बायांले,” ती म्हणाली. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, ते माझ्या जुन्या हिशेबात कुठून असणार? “आम्ही चौघीजणी पाळीपाळीनं जातो. जिची पाळी ती चौघींचा आणते. या वेळी माझी आहे. शनिवारी जाते, सोमवारच्या पहिल्या तासाले थोडा उशीर होईल, हजेरी लावून घ्याल का?”

लावतो म्हटलं.